पाटीपासून पडद्यापर्यंत : वकिली आणि प्रसिद्धी

वकिलाच्या दारावरची पाटी केवढी असावी, हा प्रश्न कायद्याने सोडवावा इतका मोलाचा आहे, असे सामान्य माणसास क्वचितच वाटेल. कापडवाला आपल्या मर्जीस येईल तेवढी पाटी लावतो, तिला दिव्यांची झालरही लावतो आणि त्याला कोणी जाब विचारीत नाही. वकिलाचे तसे नाही. १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्यान्वये बार कौन्सिल ऑफ इंडियाने जे नियम केले, त्यांतील छत्तिसाव्या नियमाने पाटीचा आकारदेखील आपल्या कक्षेत घेतला आहे. ती बेताची असावी. वकील कोणत्या संस्थेचा अध्यक्ष आहे किंवा होता, तो पूर्वी न्यायाधीश होता काय, अमुक प्रकारच्या दाव्यांत तो निष्णात आहे काय, ह्यांपैकी काहीही तिच्यावर नसावे. पत्रके वाटून, जाहिराती देऊन, दलाल नेमून, ओळखीपाळखीवाचून भेटी घेऊन त्याने काम मिळवू नये. आपण चालवीत असलेल्या खटल्यासंबंधी वर्तमानपत्रांत मजकूर पेरू नये अथवा आपले छायाचित्र छापवून आणू नये, असेही तो नियम सांगतो.

आज त्याच वकिलाच्या, आणि सनद मिळण्यास अद्याप अवकाश असलेल्या विद्यार्थ्याच्याही, खिशात एक यंत्र असते. त्यावर त्याने दोन ओळी लिहिल्या की त्या क्षणार्धात सहस्रावधी लोकांपुढे जातात. पाटी मोजता येत होती. हा पडदा कोणत्या गजाने मोजावयाचा? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर तो जुना नियम मुळात कशासाठी झाला हे आधी पाहिले पाहिजे. तो निव्वळ संकोचापोटी किंवा जुन्या पिढीच्या ऐटीपोटी झाला असे मानणाऱ्यास त्याचे मर्म कळणार नाही.

वकिलाकडे मनुष्य येतो तो बहुधा संकटात असताना. कोणाचा मुलगा पोलिसांनी धरलेला असतो, कोणाची जमीन भावबंदांनी बळकावलेली असते, कोणी अपघातात हातपाय गमावलेला असतो. कापड घेणारा दहा दुकाने हिंडून पोत पारखू शकतो. परंतु कायद्याचा पोत पारखण्याची विद्या अशिलापाशी नसते आणि हिंडण्यास त्याला सवडही नसते. अशा माणसाला गाठून जो आधी बोलेल त्याच्या हाती तो लागतो. ब्रिटिश अमदानीत न्यायालयांच्या आवारात दलालांचा एक वर्गच निर्माण झाला होता. गावाकडून आलेला पक्षकार हेरावयाचा, त्याला गोड बोलून वकिलाच्या दारी न्यावयाचे आणि फीमधला हिस्सा उचलावयाचा, हा त्यांचा धंदा. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स कायद्यात १८९६ साली जी दुरुस्ती झाली, तिने अशा दलालांच्या याद्या करण्याचा आणि त्या न्यायालयात टांगून ठेवण्याचा अधिकार न्यायाधीशांस दिला. म्हणजे वकिलाच्या जाहिरातीचा इतिहास आपल्याकडे सुरू होतो तो वकिलाच्या नावाच्या पाटीने नव्हे, तर दलालाच्या नावाच्या यादीने! ज्याची शिकार होऊ नये तो मनुष्य म्हणजे अशील, ही त्या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी असलेली भावना होती.

हे बंधन सर्वत्र अनादी काळापासून होते असेही नाही. अमेरिकेत अब्राहम लिंकन ह्याने १८३७ साली वकिलीस आरंभ केला, तेव्हा त्याच्या व त्याच्या भागीदाराच्या नावाची छोटी जाहिरात स्प्रिंगफील्डच्या वर्तमानपत्रात येत असे आणि त्यात कोणास काही वावगे दिसले नाही. पुढे १९०८ साली अमेरिकन बार असोसिएशनने आचारनियम केले आणि तेथेही जाहिरातीचे दार बंद झाले. इंग्लंडातील बॅरिस्टरांत तर स्वतःविषयी बोलणे हेच अशिष्ट समजले जाई. आपल्या देशातील वकीलवर्गाने संकेत उचलले ते मुख्यतः तिकडचे.

परंतु स्वतःविषयी न बोलणे म्हणजे लोकांशी न बोलणे नव्हे. हा भेद महाराष्ट्रातील कायदेपंडितांनी जितका स्पष्टपणे आपल्या वर्तनातून दाखविला तितका क्वचितच कोणी दाखविला असेल. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक हे मुंबईच्या उच्च न्यायालयातील नामांकित वकील. त्यांनी १८६४ साली ‘नेटिव्ह ओपिनियन’ हे पत्र काढले आणि १८८० साली ‘व्यवहारमयूख’ ह्या धर्मशास्त्रग्रंथाचे इंग्रजी भाषांतर मुळासह प्रसिद्ध केले. लोकमान्य टिळक कायद्याचे पदवीधर. त्यांनी पुण्यात कायद्याचा वर्ग चालविला आणि ‘केसरी’तून कायद्यावर व न्यायदानावर वर्षानुवर्षे लिहिले. त्यांचे सहकारी नरसिंह चिंतामण केळकर हेही साताऱ्याची वकिली सोडूनच ‘केसरी’त आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बॅरिस्टर होऊन १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली आणि १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ काढला. त्या पत्राचा विषय बहिष्कृतांचे हक्क हा होता, संपादकाची वकिली हा नव्हता. आणि वकिली करीत असतानाच ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहावयास घेणारे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे! त्या ग्रंथाचा पहिला खंड १९३० साली निघाला व शेवटचा १९६२ साली. पुढच्याच वर्षी ते भारतरत्न झाले. ह्या सर्वांस प्रसिद्धी मिळाली, पण ती ज्ञानाच्या पाठोपाठ आली. वाचकाला आधी काही मिळाले, लेखकाला कीर्ती मागाहून मिळाली. क्रमाचा हा फरक लहान दिसतो. पण पुढचा सारा वाद त्याच्याच भोवती फिरतो.

छापलेला शब्द वकिलास केव्हा अडचणीत आणतो ह्याचाही धडा त्याच काळात मिळाला. १९१९ च्या एप्रिलमध्ये अहमदाबादचे जिल्हा न्यायाधीश केनेडी ह्यांनी मुंबई उच्च न्यायालयास एक पत्र लिहिले. रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाची प्रतिज्ञा केलेल्या काही वकिलांसंबंधी ते होते. ते पत्र बॅरिस्टर मोहनदास गांधी ह्यांच्या हाती आले आणि ६ ऑगस्ट १९१९ च्या ‘यंग इंडिया’त टीकेसह छापले गेले. त्या वकिलांचे प्रकरण उच्च न्यायालयापुढे चालू होते. न्यायालयाने संपादक गांधी व प्रकाशक महादेव देसाई ह्यांस अवमानाबद्दल जाब विचारला. सुचविलेल्या शब्दांत माफी छापण्यास गांधीजींनी नकार दिला. कारण मनास पटत नसता माफी मागणे त्यांस असत्य वाटले. मार्च १९२० मध्ये न्यायालयाने दोघांसही दोषी ठरवून कडक शब्दांत समज दिली. गांधीजींची भूमिका कोणाला पटो वा न पटो, एक गोष्ट त्यातून स्पष्ट झाली. न्यायप्रविष्ट प्रकरणाविषयी लिहिणाऱ्याने परिणाम ओळखून लिहावे, आणि लिहिल्यावर त्याची किंमत देण्यास सिद्ध असावे.

स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या कायद्याने वकिलांच्या शिस्तीचा अधिकार त्यांच्याच निर्वाचित मंडळांकडे आला. त्या अधिकाराची कसोटी लागली ती मुंबईतच. फौजदारी न्यायालयांच्या दाराशी काही वकील उभे राहत, पक्षकार येताना दिसला की त्याच्याकडे धाव घेत, कागद हिसकावण्यासाठी आपसांत झोंबाझोंबी करीत, अशी तक्रार होती. महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने त्यांना तीन वर्षांसाठी निलंबित केले. अपिलात बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या समितीने नियमाचा काथ्याकूट करून त्यांना सोडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७५ साली त्या न्यायालयाने राज्याच्या कौन्सिलला दाद मागण्याचा हक्क आहे असे ठरविले आणि पुढच्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी समितीने लावलेला नियमाचा अर्थ खोडून काढला. वकिली हा व्यापार नव्हे व दावे हा विक्रीचा माल नव्हे, हा त्या निकालाचा गाभा. छत्तिसाव्या नियमाची चर्चा निघाली की आजही ह्याच निकालाकडे बोट दाखविले जाते.

योगायोग असा, की मुंबईच्या खटल्याचा हा निकाल लागत असतानाच अमेरिकेत वारे उलट दिशेने वाहू लागले होते. ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात दोन तरुण वकिलांनी साध्या कामांसाठी स्वस्त दराचे कार्यालय उघडले होते. फेब्रुवारी १९७६ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. तीत निर्विवाद घटस्फोट, दत्तक, नाव बदलणे इत्यादी कामांचे दर होते. त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली. परंतु १९७७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती जाहिरात भाषणस्वातंत्र्यात बसते असा निर्णय दिला. वकील महाग असतो ह्या भीतीने गरीब मनुष्य त्याच्या दाराशीही जात नाही. दर कळले तर तो जाईल, हा त्यामागचा विचार. १९८४ साली इंग्लंडातील सॉलिसिटरांनाही जाहिरातीची मोकळीक मिळाली.

मात्र ज्या अमेरिकेने दार उघडले, तिनेही उंबरठा काढून टाकला नाही. १९७८ साली ओहायो राज्यातील एका वकिलाचा खटला आला. अपघातात जखमी झालेल्या तरुणीस त्याने रुग्णालयात गाठून वकीलपत्र मिळविले होते. त्याला झालेली शिक्षा त्याच सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. १९९५ साली फ्लोरिडाचा नियम त्याच न्यायालयाने ग्राह्य धरला. अपघातानंतर तीस दिवसांपर्यंत जखमींस अथवा त्यांच्या आप्तांस वकिलाने कामासाठी पत्र पाठवू नये, असा तो नियम होता. मुंबईचे न्यायालयाचे दार आणि ओहायोचे रुग्णालय ह्यांत हजारो कोसांचे अंतर. पण दोन्हीकडे रक्षण झाले ते संकटात सापडलेल्या माणसाचे.

भारतात नियम सैल झाला तो संकेतस्थळांच्या निमित्ताने. सर्वोच्च न्यायालयात ह्याविषयी याचिका चालू असताना २००८ साली बार कौन्सिल ऑफ इंडियाने छत्तिसाव्या नियमास एक पुस्ती जोडली. वकिलाने संकेतस्थळावर आपले नाव, पत्ता व दूरध्वनी, सनदेचा तपशील, शैक्षणिक पात्रता आणि कामाची क्षेत्रे एवढी माहिती ती सत्य असल्याच्या प्रतिज्ञेसह द्यावी. पाटीवर जे लिहिण्यास मनाई होती त्यातील कामाचे क्षेत्र तेवढे पडद्यावर लिहिता येऊ लागले. परंतु ही सवलत ज्या संकेतस्थळाकडे वाचक आपण होऊन येतो त्यासाठी होती. तोवर निराळेच माध्यम पुढे आले होते. तेथे वाचक लेखकाकडे जात नाही, लेखकच वाचकाच्या हातात जाऊन पडतो.

ह्या नव्या माध्यमाचे सामर्थ्य आणि धोका दोन्ही महाराष्ट्राने लवकर पाहिले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे ह्यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयी प्रश्न विचारणारा मजकूर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिला, दुसरीने त्यास पसंती दर्शविली, आणि दोघींसही अटक झाली. ह्या घटनेने व्यथित होऊन श्रेया सिंघल ह्या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ती पुढे स्वतःच कायद्याची विद्यार्थिनी झाली. २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम घटनाबाह्य ठरले. चर्चा, मतप्रचार आणि चिथावणी हे तीन निरनिराळे टप्पे आहेत आणि शासनाचा हात पोहोचू शकतो तो तिसऱ्या टप्प्यापाशी, हे विवेचन त्या निकालात आहे. पुढे स्वप्निल त्रिपाठी हा विधी महाविद्यालयाचा विद्यार्थी न्यायालयाच्या कामकाजाचे प्रत्यक्ष प्रक्षेपण व्हावे म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याची मागणी तत्त्वतः मान्य झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने यूट्यूबवर प्रक्षेपण सुरू केले. २७ सप्टेंबर २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचे कामकाजही घरबसल्या दिसू लागले. पडद्यावर बोलण्याचा हक्क आणि न्यायालय पडद्यावर पाहण्याचा हक्क, ह्या दोन्ही लढ्यांत विद्यार्थ्यांचा वाटा आहे ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट होय.

हक्क मिळाला म्हणजे जबाबदारी संपली असे होत नाही. जून २०२० मध्ये ज्येष्ठ वकील प्रशांत भूषण ह्यांनी सरन्यायाधीशांविषयी व सर्वोच्च न्यायालयाविषयी दोन ट्विट केले. १४ ऑगस्ट रोजी ते अवमानाबद्दल दोषी ठरले. त्यांनी माफी नाकारली आणि आपल्या निवेदनात गांधीजींच्या १९२२ च्या खटल्यातील निवेदनाचा आधार घेतला. ३१ ऑगस्ट रोजी शिक्षा झाली ती एक रुपया दंडाची. परंतु तो न भरल्यास तीन महिने कैद व त्या न्यायालयात तीन वर्षे वकिलीस बंदी असेही तीत होते. ह्या निकालावर देशात मोठा मतभेद झाला. त्या मतभेदात न शिरताही एवढे म्हणता येते, की ‘यंग इंडिया’चा अंक जुळवून छापावयास जेवढा वेळ लागे, तेवढ्यात शंभर माणसे शंभर वेळा विचार करू शकत. ट्विटास तो अवधी मिळत नाही. न्यायालय मात्र त्याचा विचार सावकाशच करते.

ह्याहून नाजूक गोष्ट अशिलाच्या गुपिताची. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे १२६ वे कलम वकिलाच्या ओठांवर कुलूप घालीत असे, आणि १२७ वे कलम तेच कुलूप त्याच्या कारकुनांच्या व नोकरांच्या ओठांवर घालीत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या १३२ व्या कलमात हे तत्त्व कायम आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात सरकारी खर्चाने आरोपींची बाजू मांडणाऱ्या एका वकीलबाईंनी आपले अनुभव इंटरनेटवर लिहिले. पूर्ण नावे दिली नव्हती, पण आरोपी ओळखता येतील अशा खुणा होत्या. २०१० साली त्यांची सनद साठ दिवसांसाठी स्थगित झाली. नाव गाळले म्हणजे गुपित राखले, हा समज किती भ्रामक आहे हे ह्यावरून दिसते. एखाद्या वकिलाच्या कार्यालयात महिनाभर उमेदवारी करणारा विद्यार्थी तेथील टेबलाचे छायाचित्र उत्साहाने लिंक्डइनवर टाकतो, तेव्हा टेबलावरच्या कागदाचा मथळा वाचता येतो किंवा काय, हे त्याने आधी पाहिलेले बरे. छत्तिसावा नियम सनद नसलेल्या विद्यार्थ्यास लागू नाही हे खरे. पण सनदेसाठी अर्ज करण्याचा दिवस येतो, आणि पडद्यावरचे जुने शब्द त्याच्या आधीच तेथे जाऊन बसलेले असतात.

अलीकडे ह्या प्रश्नाने पुन्हा उचल खाल्ली आहे. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची दुकानाप्रमाणे मांडणी करून त्यांना गुणांकन देणाऱ्या व दर सांगणाऱ्या संकेतस्थळांवर ताशेरे ओढले, आणि त्यांच्याद्वारे काम मिळविणाऱ्या वकिलांवर कारवाईची पावले उचलावीत असे बार कौन्सिल ऑफ इंडियास फर्माविले. मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिलने स्वतःच पत्रक काढून समाजमाध्यमांवरील चित्रफिती व लोकप्रिय व्यक्तींकडून करविलेली वकिलांची जाहिरात निषिद्ध असल्याचे बजावले. न्यायालयाच्या आवारातला दलाल यादीत नाव टांगून हटविता आला. यंत्राच्या पोटातला दलाल ओळखणे अधिक अवघड आहे.

तर मग वकिलाने व विद्यार्थ्याने ह्या माध्यमापासून दूरच राहावे काय? तसे केल्यास नुकसान होईल ते लोकांचे. घटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे सर्वोच्च व उच्च न्यायालयांची भाषा इंग्रजी आहे. जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांची मराठीसह अनेक भाषांतील भाषांतरे मोठ्या संख्येने खुली झाली. पण निकालाचे भाषांतर हाती आले म्हणजे तो समजला असे नव्हे. जामीन म्हणजे काय, वारसाची नोंद झाली म्हणजे मालकी आली काय, नोटिशीस किती दिवसांत उत्तर द्यावे, मोफत विधी साहाय्य कोणास मिळते, हे शुद्ध मराठीत सांगणारा माणूस तालुक्याच्या गावीही हवा आहे. हे सांगणारे दोन प्रकारचे असतात. एकाचे ऐकून मनुष्य थोडा शहाणा होतो. दुसऱ्याचे ऐकून तो फक्त सांगणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक लक्षात ठेवतो. मंडलिक व काणे ज्या वाटेने गेले ती पहिली. दंडाधिकाऱ्यांच्या दाराशी झोंबाझोंबी झाली ती दुसरी.

दीडशे वर्षांच्या ह्या इतिहासातून तीन साधे प्रश्न हाती येतात. लिहिले त्यातून लाभ आधी कोणाचा, वाचकाचा की लेखकाचा? त्यात दुसऱ्याचे गुपित तर उघडे पडत नाही ना? आणि तेच शब्द उद्या न्यायाधीशांनी मोठ्याने वाचून दाखविले, तर उभे राहून ‘होय, हे माझेच’ असे म्हणता येईल काय? ज्याला ह्या तिहींची उत्तरे निःशंकपणे देता येतात, त्याने खुशाल लिहावे. पाटीचा आकार बेताचा ठेवण्यामागे शहाणपण होते ते लाकडाच्या किंवा पितळेच्या मापात नव्हते. दाराशी आलेला मनुष्य भांबावलेला असतो आणि त्याचा भांबावलेपणा हे आपले भांडवल नव्हे, एवढे ते शहाणपण. ते ज्याच्यापाशी आहे त्याच्या हाती पडदा केवढाही मोठा असला तरी भय नाही.